न्हाणीतलं पाणी जातं कुठं?

मी एका न्हाणीतला जुना दगड आहे, मित्रांनो. रंगानं काळा, अंगानं चौकोनी आणि मधोमध थोडासा खोलगट. लगेच नाक मुरडू नका! आमच्या घरात माझ्याइतकं पाणी कुणाच्याच अंगावरून गेलेलं नाही, तेव्हा स्वच्छतेच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. "दगडाला काय कळतंय?" असं माणसं सर्रास म्हणतात. मला सगळं कळतं. उलट मला खोडच आहे चौकसपणाची, आणि ह्या खोडीपायी चव्वेचाळीस वर्षं माझा जीव एकाच प्रश्नाला टांगून राहिला होता. तो प्रश्न सांगतोच, पण आधी मी घरात आलो कसा ते ऐका.

बहात्तर सालचा दुष्काळ तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकला असेल. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडं, माळावर तेव्हा पाझर तलावाचं काम निघालं होतं. बाया-माणसं दिवसभर उन्हात बसून खडी फोडायची. त्यात छबुबाई होती. एकोणीस वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली, हाताला फोड आलेले. तिच्या वाट्याला मी आलो. तिनं माझ्यावर घाव घातले, पन्नास तरी घातले असतील. मी फुटलो नाही. शेवटी हातोड्याचाच दांडा मोडला, तेव्हा मुकादम वैतागून म्हणाला, "सोड त्याला बाई, त्यो न्हाई फुटायचा."

छबुबाई माझ्यावरच टेकली आणि सरकारनं वाटलेली सुकडी खाऊ लागली. खाता खाता तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. मी तसा सपाट आहे, खोटं कशाला बोला. ती म्हणाली, "फुटत न्हाईस तर मपल्या न्हानीला चल." संध्याकाळी चौघीजणींनी ढकलत ढकलत मला बैलगाडीत चढवलं. फोडायला आलेली बाई मला घरी घेऊन गेली, असा आमचा ऋणानुबंध.

न्हाणी म्हणजे काय, तर घराच्या बाजूला चार दगड-मातीच्या भिंती आणि पुढं जुन्या लुगड्याचा पडदा. मला त्यात बसवलं आणि गल्लीच्या बाजूला थोडा उतार दिला. त्या भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं. अंघोळीचं पाणी माझ्यावरून घरंगळायचं आणि त्या भोकातून पलीकडं जायचं.

झालं! तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला. हे पाणी पुढं जातं कुठं?

मी जागचा हलणार कसा? भोकातून दिसायचा फक्त टिचभर उजेड. मग मी अंदाज बांधत बसायचो. कधी वाटायचं, पलीकडं मोठी नदी असेल. एकदा पाहुणा आला, अंगाला साबण लावता लावता म्हणाला, "औंदा माजलगावचं धरण भरलं बरं का!" मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, मीच भरलं. पुढचे दोन महिने मी त्याच तोऱ्यात होतो.

कामाचे दिवस मात्र सुखाचे गेले. छबुबाई माझ्यावर पाय लांब करून बसायची आणि पायांवर तान्ह्या लेकाला, शहादेवाला, पालथं घालून न्हाऊ घालायची. तो असा काही रडायचा की शेजारची कोंबडी पळायची. दिवाळीला उटण्याचा वास माझ्या अंगाला चार-चार दिवस राहायचा. घरात येणारी बाई हमखास म्हणायची, "दगड लई झ्याक हाय गं, पाय सरकत न्हाई." मी ऐकून घ्यायचो. आपलं कौतुक कुणाला नको असतं?

पण एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. छबुबाईच्या सासूला, मुक्ताबाईला, म्हातारपणी उठता-बसता येईना. तीन वर्षं छबुबाईनं तिला माझ्यावर बसवून न्हाऊ घातलं, एका शब्दानं कुरकुरली नाही. तरी मुक्ताबाई रोज भिंतीकडं तोंड करून बसायची आणि मुकाट रडायची. दुसऱ्याच्या हातानं न्हायची तिला लाज वाटायची. तांब्यातलं पाणी कोमट असायचं, पण त्यात मिसळलेले दोन थेंब जास्त गरम असायचे, हे मला एकट्यालाच ठाऊक. सासू गेली त्या दिवशी छबुबाई माझ्यावर बसून स्वतःशीच बोलली, "देवा, काय बी कर, पर मला मपल्या हातानं न्हाऊ दे."

पुढं शहादेव मोठा झाला आणि सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. विमलशी त्याचं लग्न झालं, दोघं कारखान्याच्या चाळीत राहू लागली. नवरा वारल्यावर छबुबाई घरी एकटीच उरली. त्यातच पुन्हा पावसानं ओढ दिली. एका दुपारी ती छन्नी-हातोडा घेऊन न्हाणीत आली. मी घाबरलोच! म्हटलं, जुना हिशेब चुकता करते की काय? पण तिनं मला हात लावला नाही. मागच्या भिंतीच्या बुडाशी तिनं भोक पाडलं, पहारीनं माझी गल्लीकडची कड अर्धा बोटभर उचलली आणि खाली विटेचा तुकडा सारला. गल्लीकडचं भोक चिखलानं लिंपून टाकलं. त्या दिवसापासून पाणी उलट्या दिशेनं, परसात जाऊ लागलं. परसात काय होतं? मला काय माहीत! आधी गल्लीचा प्रश्न होता, आता परसाचा. माझी उत्सुकता दुप्पट झाली, एवढंच.

मग ऊसच पिकेना म्हणून कारखाना बंद पडला आणि पंधरा वर्षांनी शहादेव-विमल गावी परतली. तोवर दुष्काळ असा पडला होता की आठ दिवसांनी एकदा टँकर यायचा. माझ्यावर पाणी सांडणंच बंद झालं. माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकचा टब ठेवायचे, माणूस टबात बसून न्हायचा. ते पाणी मग कपड्यांना, कपड्यांचं पाणी बादलीत भरून बाहेर कुठंतरी. मागच्या भोकातून उंदीर येतात म्हणून छबुबाईनं तेही चिंधी आणि चिखल कोंबून बुजवलं होतं. मी असा कोरडा ठणठणीत की माझ्यावर मुंग्या फिरायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

आणि मग छबुबाईचे गुडघे गेले.

अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसून अंघोळ करायची, धरायला दांडा पाहिजे, जमीन सपाट पाहिजे. दवाखान्यात जाण्याआधी छबुबाईनं लेकाला बजावलं होतं, "शादेवा, मला धरून न्हाऊ घालायची येळ आनू नकू. तसं असलं तर मला तितनं आनूच नकू." शहादेवाला आपली आजी आठवत होती. त्यानं मान हलवली. आई गुरुवारी घरी येणार होती आणि त्याआधी न्हाणी नवी करायचीच, असं त्यानं ठरवलं.

पण करणार कोण? गावातला महारुद्र मिस्त्री ऊसतोडीला गेला होता. एकटा तोच नव्हे, दसऱ्यानंतर आमच्या गावात गवंड्याची करणी धरणारा माणूस शोधून सापडत नाही, सगळे कारखान्यांच्या फडात. शहादेव म्हणाला, "मी फिटर हाय. कारखान्याची मोठमोठी मशिनं जोडली, ही टिचभर न्हानी काय घिऊन बसलीस!"

टाईल्स घ्यायला दोघं केजला गेली. ती हकिकत विमलनं शेजारणीला न्हाणीच्या दारात उभं राहून सांगितली, म्हणून मला कळली. दुकानदारानं चकचकीत टाईल दाखवली. शहादेव लगेच भाळला. विमलनं चप्पल काढली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली, टाईलवर घोटभर पाणी ओतलं आणि भर दुकानात तिच्यावर उभी राहिली. पाय सटकन सरकला. "ही नकू," ती म्हणाली. अशा पाच टाईल्सवर उभी राहून तिनं सहावी निवडली, खरबरीत, मातकट रंगाची. मला ती सून त्या दिवसापासून फार आवडू लागली.

काम सुरू झालं आणि मी डोळे फाडून बघत राहिलो. पाईप कसा कापतात, सिमेंटमध्ये वाळू किती घालतात, सगळंच मला नवं. कोरड्या पडलेल्या बोअरमधून उपसून काढलेला लोखंडी पाईप शहादेवानं हातभर कापला, घासून गुळगुळीत केला आणि भिंतीत पक्का बसवला. पाणी देता आलं नाही त्या पाईपला, आधार तरी देता येईल, असं मला वाटलं. गल्लीत आता पंचायतीची सिमेंटची नाली झाली होती. तिकडच्या कोपऱ्यात त्यानं पाईप टाकला आणि वर नवी कोरी जाळी बसवली.

मग आली उताराची वेळ. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जुन्या लोकांनी ढाळ बरोबर काढलेला आसतो. ह्या दगडावरनंच माप घिऊ." माझ्या चारी कडांपासून एकेक वीत वर मोजून त्यानं भिंतीवर खुणा केल्या आणि दोरा ताणला.

अहो, मी आतल्या आत किंचाळलो! अरे बाबा, माझ्या बुडाखाली वीट आहे! माझा उतार तुझ्या जाळीकडं नाही, उलटा आहे! पण दगडाचं बोलणं ऐकणार कोण? अर्धा बोटभर फरक डोळ्याला दिसतही नाही. त्यानं पहार घालून मला उपटलं. विमलनं खालचा विटेचा तुकडा उचलला, इकडून तिकडून बघितला आणि मलब्यात टाकला. दोघांनी मला ढकलत परसात नेलं आणि मागच्या भिंतीशी सोडून दिलं.

वाईट वाटलं. चव्वेचाळीस वर्षांची नोकरी, आणि निरोपाला कुणी पाणीसुद्धा घातलं नाही. पण खरं सांगू? दुसऱ्याच क्षणी मी इकडंतिकडं बघायला लागलो. परस! ज्याचा एवढे दिवस विचार केला ते परस! नदी नव्हती. धरण तर नव्हतंच. समोर एकच सीताफळाचं झाड होतं. गावातली निम्मी झाडं वाळून गेलेली, पण हे हिरवं होतं. म्हणजे माझं पाणी इथं येत होतं तर!

आतलं बोलणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मुरूम टाकून, दोऱ्याप्रमाणं दाबून झाला तेव्हा विमल म्हणाली, "आवं, टाईल बसवायच्या आधी बादलीभर पानी वतून बघा. कुठं जातंय ते कळंल."

"वतून?" शहादेव ओरडलाच. "येडी झालीस का? टँकर यायला आजून चार दिस हायेत. ढाळ बघायला पानी सांडू व्हय?"

तेवढ्यात फडातून महारुद्रचा फोन आला. त्यानंही तेच सांगितलं असणार, कारण शहादेव म्हणाला, "तुला तितं कॅनॉलच्या कडंला बसून बोलायला काय जातंय बे!"

हसू नका, मित्रांनो. हातातलं पाणी नुसतं बघण्यासाठी ओतायचं, हे आमच्या गावातल्या माणसाला जमतच नाही. ओतायला हात उचलला तरी मन मागं खेचतं. विमलनं दुकानात घोटभर पाणी ओतलं होतं, त्यानंतर केज ते गाव ती तहानेली आली होती.

टाईल्स बसल्या, फटी भरल्या, दोन दिवस सुकल्या. गुरुवारी सकाळी विमलनं नव्या न्हाणीत पहिली बादली रिकामी केली. पाणी जाळीकडं पाठ फिरवून निघालं आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन साचून बसलं. तिथं ना भोक, ना जाळी.

शहादेवानं महारुद्रला फोन लावला. ह्या वेळी महारुद्र एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"ढाळ कशावरनं घेतला बे?"

"जुन्या दगडावरनं."

"दगडाखाली काय व्हतं ते बघितलंस का?"

"इटंचा तुकडा निघालता," विमल हळूच म्हणाली.

महारुद्र म्हणाला, सगळं फोडावं लागेल. आणि फोडायचं म्हणजे पुन्हा आठ-दहा दिवस. तोवर छबुबाईला अंगणात बाजेवर बसवून, विमलनं धरून न्हाऊ घालायचं. म्हणजे नको तेच. शहादेव बाहेर येऊन माझ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, "मायला काय त्वांड दावू?" मला त्याचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. माझ्यावरच रांगायला शिकलेलं पोर ते.

दारात जीप थांबली. छबुबाई वॉकर धरून उतरली, चहाला नाही म्हणाली, देवाला हात जोडले आणि पहिलंच बोलली, "न्हानी दाव."

ती आत गेली. मी कान टवकारले. दांड्याला धरून तिनं हिसडा दिला असावा, कारण ती म्हणाली, "ह्यो घट्ट हाय." मग वॉकरचा आवाज मागच्या कोपऱ्याकडं सरकला. साचलेलं पाणी दिसलं असणार.

"चुकलं, माय," शहादेव म्हणाला. "दगडावरनं माप घेतलं. समदं उलटं झालं. फोडतो मी."

आणि छबुबाई हसायला लागली! अशी हसली की तिला गुडघ्याला धरावं लागलं. "आरं माझ्या फिटरा! त्यो दगड मीच उलटा केलता. पानी झाडाला जावं म्हनून. फोडतोस कावून? हातोडी दे इकडं."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि भिंतीच्या बुडाशी टकटक सुरू झाली. एक, दोन, तीन ठिकाणी. खडी फोडलेल्या बाईचा कान आहे तो, दगडाचा आवाज तिला पाठ. चौथ्या ठोक्याला ती म्हणाली, "हितं. हितं भद्द वाजतंय. नवी टाईल ह्याच्या म्होरं आलीया, तेवढी कड उडीव."

शहादेवानं छन्नी लावली. टाईलचा तुकडा उडाला, चिखल निघाला, काळी पडलेली चिंधी निघाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीच्या बुडातून पाण्याची धार बाहेर आली! जन्मभर ज्याला जाताना पाहिलं, ते मी पहिल्यांदा येताना पाहिलं. झाडाच्या आळ्यात शिरताना त्याचा बुडबुड असा आवाज झाला. एवढासाच आवाज, पण मी तो धरणावरूनही ओवाळून टाकीन.

"विमल," आतून छबुबाई म्हणाली, "भोकाखाली त्यो दगड सरकीव गं. न्हाई तर धारंनं मातीत खड्डा पडंल."

अशी मला दुसरी नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली अंघोळ. छबुबाई म्हणाली, "कडी आतून लावनार." शहादेव म्हणाला, "न्हाई माय, पडलीस तर?" ती म्हणाली, "मंग मी न्हातच न्हाई." कडी लागल्याचा आवाज आला.

विमल गुपचूप परसात आली आणि माझ्या कडेवर उकिडवी बसली. तिचे डोळे भोकावर खिळले होते. मला आधी कळेना, ही काय बघते? मग पहिला तांब्या आला. कोमट पाणी, माझ्यावरून झाडाकडं. विमलनं श्वास सोडला. दुसरा आला. तिसरा आला. पाणी येतंय म्हणजे आत सगळं ठीक आहे. दारावर थाप न मारता, हाक न मारता तिला सासूची खबर मिळत होती.

मग पाणी थांबलं.

आम्ही वाट बघितली. भोकातून शेवटचे थेंब ठिबकले आणि तेही थांबले. विमल उठून उभी राहिली. तिच्या पायांची बोटं माझ्या पाठीत रुतली. मीही घाबरलो होतो, मित्रांनो. कितीही घाव सोसलेला असलो तरी घाबरलो होतो. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तोंडावर पदर दाबून धरला. पुन्हा उघडणार, तेवढ्यात पांढऱ्या फेसाचा मोठा लोट भसकन बाहेर आला आणि तिची पावलं भिजली. छबुबाई आपले पाय आपल्या हातानं चोळून धूत होती. त्याला वेळ लागतोच.

विमल मटकन माझ्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून अजून पदर तोंडावरच होता.

आता मला तुम्हांला सांगायचंय ते एवढंच. जुनी वस्तू उपटण्याआधी तिच्याखाली काय आहे ते वाकून बघा, कुणीतरी काहीतरी विचार करून ठेवलेलं असतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं असेल तर हात धरण्याआधी त्याला विचारा. कधी कधी नुसतं भिंतीपलीकडं बसून राहावं लागतं, ते जास्त अवघड असतं. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय म्हणून सांगतो.

हां, एक राहिलंच. त्या सकाळी शेवटचा तांब्या आला आणि भिंतीपलीकडून छबुबाईचा आवाज आला. अगदी शांत, जणू तिला सगळं दिसत होतं.

"विमल, झाडाला पोचलं का गं पानी?"

विमलनं घाईघाईनं डोळे पुसले.

"पोचलं, आत्याबाई."